आईच्या फोनचं मागचं दार

आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरात सकाळचा पहिला आवाज बॉयलरचा असायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटात तो आधी टकटक करायचा, मग घसा खाकरल्यासारखा पेटायचा, आणि त्या आवाजाबरोबर आई उठायची. बाहेर अजून अंधार असायचा. ती चहाचं आधण ठेवायची, आदल्या दिवशीच्या चपात्या तव्यावर तेल सोडून कडक करायची आणि उभ्या उभ्या लसणाच्या चटणीबरोबर खायची. मग केसांवर घट्ट रुमाल बांधून कोपऱ्यावर कारखान्याची बस पकडायला जायची. ती समोशाच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर काम करत असे. पप्पा हॉस्पिटलमध्ये पोर्टर होते. पेशंटच्या ट्रॉल्या एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेण्याचं त्यांचं काम. आई निघाली की बऱ्याचदा ते रात्रपाळी संपवून यायचे, आणि दाराशी दोघांची गाठ पडली तर एवढंच बोलणं व्हायचं : “जेवला का?” “टोस्ट खाल्ला.” “टोस्ट म्हणजे जेवण नव्हे.” पुढचं भांडण संध्याकाळसाठी राखून आई बसकडे पळायची.

या घरातून युनिव्हर्सिटीत जाणारी मी पहिली. आई सातवीपर्यंत शिकलेली, पप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर काम शिकले ते मागावरच. मी गावातल्याच युनिव्हर्सिटीत लॉ घेतलं, कारण घरी राहून जाता येत होतं. पहिले काही आठवडे मी जे येईल त्या कागदावर सही करत होते आणि प्रत्येक कागद घरी आणून तीन-तीनदा वाचत होते. ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसतं, त्या घरातल्या मुलीला प्रत्येक नियम आपल्याला पकडण्यासाठीच लिहिला आहे असं वाटतं. लायब्ररीचा नियम, कॉम्प्युटर वापरण्याचा नियम, आग लागली तर कोणत्या जिन्यानं उतरायचं तो नियम. माझ्याबरोबरची मुलं ते कागद बॅगेत कोंबून विसरून जायची. मला आजही, कामाच्या ठिकाणी एखादं पत्रक आलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही. या स्वभावानं माझं पुढे बरंच भलं केलं. पण त्या वर्षी त्यानं जे केलं ते सांगायला मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

आमच्या बॉक्स रूममध्ये त्या वर्षी केदारदादा राहायचा. बॉक्स रूम म्हणजे जिन्यावरची एवढीशी खोली. एक पलंग घातला की दार अर्धंच उघडतं. केदारदादा नागपूरचा, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायला वर्क व्हिसावर आलेला. आईच्या हातचं पिठलं-भात मिळतो म्हणून तो त्या खोलीत टिकून होता. “काकू, तुमचं पिठलं खाऊन खाऊन मी जाडा होऊन राहिलो ना,” असं म्हणत तो तिसऱ्यांदा ताट पुढे करायचा. आई त्याला जावयासारखं वाढायची आणि सख्ख्या मुलासारखं रागवायची.

आईला तिचा पहिला स्मार्टफोन माझ्या मावसभावाकडून मिळाला. त्यानं नवा घेतला आणि जुना हिला दिला. काचेच्या कोपऱ्याला तडा होता, पण बाकी उत्तम चालत होता. आईनं तो ओढणीनं पुसला, चालू केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “यात मराठी कुठाय?”

नव्हती. त्या काळात त्या फोनमध्ये मराठी वाचता यायची, पण लिहायला अक्षरंच दिली नव्हती. कंपनीनं ठरवलेल्या भाषांच्या यादीत जपानी होती, फिनिश होती, आपली नव्हती. बाहेरून काही घालावं तर कंपनीच्या स्वतःच्या दुकानाखेरीज कुठून काही घेता येत नसे, आणि दुकानात ते नव्हतं. आताच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. माझी मुलगी म्हणते, “पण कीबोर्डवरचा ग्लोब दाबला की मराठी येतंच की.” येतं, बाळा. आता येतं.

आईला मराठी कशाला हवी होती हे मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, बहिणींना निरोप पाठवायला. ती केदारदादाशी बोलत होती तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून ऐकलं. ती म्हणाली, “माझं अक्षर लई वाईट आहे रे. सातवीनंतर पेन धरलं ते सह्यांपुरतं. फोनमधलं अक्षर कसं छापल्यासारखं असतं. कुणी लिहिलं ते कळत नाही.”

केदारदादानं फोन हातात घेतला, उलटसुलट केला. “काकू, हे म्हणजे असं आहे बघा. कंपनीनं घर बांधून दिलं, छान दिलं. पण दार एकच ठेवलं आणि त्या दारात आपला वॉचमन बसवला. जे आत येईल ते त्याला विचारून. मी मागच्या बाजूनं एक दार पाडून देतो. याला जेलब्रेक म्हणतात.”

“जेल म्हणजे तुरुंग ना?” आईनं विचारलं. “पोलिसांचं काही नाही ना त्यात?”

“काही नाही होत. फार तर कंपनी म्हणेल, आता बिघडला तर आमच्याकडे आणू नका.”

“घर भाड्याचं आहे का आपलं?”

“नाही, फोन तर तुमचाच आहे.”

“मग आपल्या घराला दार पाडायला वॉचमनला कशाला विचारायचं,” आई म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपला होता. मी पुढे याच प्रश्नावर जाडजाड पुस्तकं वाचली, त्यांत याहून मोठ्या शब्दांत पुष्कळ काही होतं. पण लसूण सोलून होईपर्यंत संपेल इतकं थोडक्यात ते कुणीच मांडलेलं आढळलं नाही.

अर्ध्या तासात फोनमध्ये मराठी पाटी आली. कुणा अनोळखी माणसानं आपल्या हौसेनं बनवलेलं एक साधं अॅप होतं : खाली अक्षरं, वर कोरी पानं. आईनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, मग पप्पांचं, मग माझं. मग कितीतरी वेळ ती नुसती त्या तीन नावांकडे बघत राहिली.

ती काय लिहीत होती ते मला उन्हाळ्यात समजलं. कारखान्यात पट्ट्यावर फोन न्यायला बंदी होती. सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये. समोसे दुमडताना हात चालत राहायचे आणि डोकं मोकळं असायचं. त्या मोकळ्या डोक्यात आई भोंडल्याची गाणी रचायची. जुनी आठवून नव्हे, नवी. मोठ्यानं म्हणून बघायची, शेजारी उभ्या असलेल्या हंसाबेन आणि शोभामावशी हसल्या तर ओळ ठेवायची, नाही तर मोडायची. सुटल्यावर बसमध्ये फोन काढून ठेवलेली ओळ लिहून घ्यायची. एक पहाटेच्या बसचं गाणं होतं. एक कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचऱ्याच्या डब्यांचं होतं. त्यात नवरा दर आठवड्याला चुकीच्या रंगाचा डबा बाहेर ठेवतो. पप्पांनी ते ऐकून “हे माझ्यावर आहे काय?” एवढंच विचारलं होतं, आणि त्या आठवड्यापासून डबा बरोबर जाऊ लागला. आणि एक समोशाचं होतं, ते मला आज सगळ्यांत आवडतं :

समोशाच्या पट्ट्यावर उभी गं राणी,
डोक्याला जाळी, डोळ्यांत पाणी.
पाणी कशाचं? कांद्याचं गं.
कांदा कुठला? माहेरचा गं.
माहेर कुठलं? फोनात बाई.
फोन लावला, बोलते आई.

आमच्या मराठी मंडळाचा भोंडला नवरात्रात शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा. गुजराती वस्तीच्या बेलग्रेव्ह रोडच्या आजूबाजूला त्या दिवसांत गरब्याचे ढोल असे वाजायचे, की आमची गाणी आम्हालाच ऐकू यायची नाहीत. मंडळात बहुतेक डॉक्टरांच्या आणि आयटीवाल्यांच्या बायका. वाईट वागायचं कुणी नाही, पण आई फेरात नेहमी अशा जागी उभी राहायची जिथून तिचा आवाज कुणाला वेगळा ओळखू येणार नाही. सेक्रेटरी नीलाताई दरवर्षी गाण्यांचे छापील कागद वाटायच्या. त्या वर्षी, धीर कुठून आणला कोण जाणे, आईनं त्यांना फोन करून विचारलं, माझी चार गाणी घ्याल का. मी जिन्यावरून ऐकत होते. आई फोन ठेवून म्हणाली, “हो म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत लिहून पाठवा म्हणाल्या, छापायला.” आणि मग बराच वेळ तिनं स्वच्छ असलेला ओटा पुसला.

त्याच सुमारास आमच्या ट्यूटरबाईंनी सेमिनारचे विषय वाटले. माझ्या चिठ्ठीवर होतं : लोक फोनचं जेलब्रेक करतात त्यामुळे त्यातल्या कंटेंटवर कंपनीचं जे नियंत्रण असतं ते धोक्यात येतं का? मला कंपनीची बाजू मांडायची होती, दहा मिनिटं, गुरुवारी. मी तोवर वर्गात एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

मी मनापासून तयारी केली. कंपनीचं म्हणणं मला पटत गेलं, हे मी लपवणार नाही. एकाच दारानं सगळं आत आलं तर काय आलं ते माहीत राहतं. ज्यानं गाणं बांधलं, सिनेमा काढला, त्याच्या हातात काही पडतं. मागचं दार पाडलं की त्यातून कोण येईल हे दार पाडणाराही सांगू शकत नाही. हे सगळं मी रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहीत होते, आणि समोर आई डाळ शिजायची वाट बघत फोनवर सिनेमा बघत होती. मराठी सिनेमा. मी नाव विचारलं. तो सिनेमा पुण्या-मुंबईत नुकताच लागलेला होता.

“हा कुठून आला?”

“केदारनं घालून दिला. बरा आहे, पण हिरो लई रडतोय.”

आईला त्यात काही चुकलं आहे याची कल्पना नव्हती. मी मात्र पेन खाली ठेवलं. तो फोन मी कितीदा माझ्या लॅपटॉपला जोडला होता, तो लॅपटॉप युनिव्हर्सिटीच्या वायफायवर होता, आणि कॉम्प्युटर वापरण्याच्या नियमांखाली माझी सही होती. मला काढून टाकतील, आणि गुरुवारी तर मी सगळ्यांसमोर उभी राहून चोरी वाईट असं सांगणार, अशी दोन्ही चित्रं डोळ्यांपुढे एकदमच उभी राहिली. केदारदादा त्या दिवशी मित्राकडे वॉटफर्डला गेला होता. आई डाळीला फोडणी देऊन आंघोळीला गेली. मी फोन लॅपटॉपला जोडला. पडद्यावर कंपनीचं नवं अपडेट वाट बघत होतं, आणि त्याखाली एक बटण : फोन मूळ स्थितीत आणा.

मला वाटलं, मी घर स्वच्छ करते आहे. खरंच तसं वाटलं. फोटो आणि नंबर परत येतील असं तिथे लिहिलं होतं, ते मी नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, आणि ते आलेही. फोनवर नवं अपडेट चढलं. सिनेमा गेला. मागचं दार बुजलं. पाटी गेली. आणि पाटीवरची सगळी पानं गेली. गाणी त्या पाटीतच होती हे मला माहीत होतं, तरी त्या घटकेला आठवलं नाही, हे मी आज इतक्या वर्षांनी लिहिते तेव्हाही मला नीट समजत नाही. मी चोर शोधत होते. घरात आणखी काय आहे ते बघितलंच नाही.

आई ओले केस पंचात गुंडाळून आली, फोन उचलला, दोनदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे दिला. “सुजा, पाटी कुठं गेली बघ की.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं : सही, सिनेमा, बटण. ती पंचाचं टोक पिळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुला काढून तर टाकणार नाहीत ना?”

“नाही.”

“मग असू दे,” ती म्हणाली, आणि डाळीत मीठ घातलं. त्यात मीठ आधीच घातलेलं होतं. त्या दिवशीची खारट डाळ आम्ही तिघांनी संपवली.

केदारदादा परतला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. “परत दार पाड.”

“अगं, नव्या अपडेटला तोडायचं अजून कोणाला जमूनच नाही राहिलं. महिना तरी लागेल. बॅकअप होता का?”

“कंपनीचा होता.”

“कंपनीच्या बॅकअपमध्ये मागच्या दारानं आलेलं काही नसतं ना. तिच्या लेखी ते कधी घरात नव्हतंच.” मग माझा चेहरा बघून त्यानं बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. “तो सिनेमा मी घालायला नको होता. काकूंनी तर फक्त पाटी मागितली होती.” ते खरं होतं, आणि तरी बटण मीच दाबलं होतं. आम्ही दोघं एकमेकांचा दोष स्वतःकडे ओढत बसलो आणि त्यानं गाणी काही परत येईनात.

सोमवारी आई कामावर गेली आणि आली. मी वही पुढे ठेवली. “आठवतं तेवढं सांग, मी लिहिते.” ती म्हणाली, “आठवत नाही गं. लिहिलं की डोक्यातनं काढून टाकायची मी. फोनात आहे म्हटल्यावर कशाला धरून ठेवायचं?” बसच्या गाण्याच्या दोन ओळी निघाल्या, समोशाची पहिली. बाकी कोरं. “नीलाताईंना सांगते, पुढच्या वर्षी,” ती म्हणाली. आईचं ‘पुढच्या वर्षी’ मी ओळखत होते. इंग्लिशच्या क्लासला, ड्रायव्हिंगला, दातांना, सगळ्याला ती पुढच्या वर्षी म्हणाली होती.

मंगळवारी माझा तास नव्हता. मी पट्ट्याची शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. बायका बाहेर आल्या, कांद्याचा आणि तेलाचा वास घेऊन. आईच्या आधी हंसाबेन दिसल्या. त्या मूळच्या जामनगरकडच्या, लेस्टरमध्ये उभं आयुष्य गेलेलं. मराठी त्यांना आईच्या तोंडून जेवढी आली तेवढीच.

“हंसाबेन, आईची गाणी तुम्हाला आठवतात का? थोडी तरी?”

“आठवतात का?” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “अरे, रोज आठ तास कानाजवळ नवं बनवते ती, मग आम्ही गातो. मला घरी भांडी घासताना पण तेच येतं. माझा हसबंड म्हणतो, आ शुं गाय छे, काय गाते हे? बोल, कुठलं पाहिजे? बसवाला? कचऱ्याच्या बिनवाला? समोसावाला?”

आई मागून आली तेव्हा हंसाबेन फाटकाशी उभ्या राहून समोशाचं गाणं म्हणत होत्या आणि शोभामावशी टाळ्यांवर ठेका धरत होती. आई थांबली. रुमाल सोडायला वर नेलेला तिचा हात तसाच राहिला.

त्या संध्याकाळी दोघी आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आईनं थालीपिठं लावली. मी लिहीत होते. पप्पा कामावर जायचा युनिफॉर्म घालून उगाचच घुटमळत होते. शोभामावशीला चाल आठवायची, हंसाबेनना शब्द, आणि दोघींचं जिथे जुळेना तिथे आई म्हणायची, “असं असणार.” डब्यांच्या गाण्यातलं एक कडवं कुणालाच येईना. तेव्हा दारात उभ्या असलेल्या पप्पांनी ते म्हणून दाखवलं, खाली बघत, न अडखळता. बायका इतक्या हसल्या की पलीकडच्या घरातून भिंतीवर थाप आली.

समोशाच्या गाण्याला हंसाबेन म्हणाल्या, “कांदा कुठला? लेस्टरचा गं.”

“माहेरचा,” आई म्हणाली. “मी माहेरचा लिहिलं होतं.”

“तू एकदा माहेरचा गायलीस. मग आम्ही सगळ्या लेस्टरचा गातो. समर आखा, पूरा उन्हाळा, लेस्टरचा गायलो. तुला माहीत नाही? कांदा तर इथल्याच कोल्ड स्टोरमधून येतो, पोतं मी स्वतः बघितलं आहे.”

“अहो, पण ते गाणं आहे.”

“हा तो, गाणं आहे. खोटं कशाला गायचं?”

मी पेन धरून थांबले. आई म्हणाली, “माहेरचा लिही.” मी तसं लिहिलं.

चार गाणी पूर्ण झाली. आईनं उन्हाळाभर लिहिलेली बरीच होती. बाकीची कुणालाच आठवली नाहीत. आई आजही म्हणते, कुणाला आठवली नाहीत म्हणजे चांगली नसणार. मला ते पटत नाही. तिनं एकदा बर्फावरचं काही वाचून दाखवलं होतं आणि मी अभ्यास करत असल्यामुळे अर्धं ऐकलं होतं, ते मला अजून अधूनमधून छळतं.

आता प्रश्न छापायचा राहिला. फोनमध्ये मराठी नाही, लॅपटॉपवर मला येत नाही. केदारदादा ऑफिसातून टाइप करून आणतो म्हणाला. पण पप्पा म्हणाले, “तूच लिही की हातानं.” आई म्हणाली, “माझं अक्षर?” पप्पा म्हणाले, “वाचता येतंय तेवढं बास.” बुधवारी तिनं चार कोऱ्या कागदांवर चार गाणी लिहिली. दगडी पाटीवर पेन्सिल धरतात तसं पेन गच्च धरून, प्रत्येक ओळीनंतर हात झटकत. ‘र’ आणि ‘ण’ मागे कलंडलेले, रेघ कुठे वर, कुठे खाली. गुरुवारी सेमिनारच्या आधी मी लायब्ररीत त्याच्या प्रती काढल्या. मशीनवर नियमांचा कागद चिकटवलेला होता. तोही वाचला.

सेमिनारमध्ये माझी पाळी आली. मी कंपनीची बाजू मांडली, प्रामाणिकपणे. म्हणाले, हो, धोका आहे. आमच्याच घरात मागच्या दारानं एक चोरीचा सिनेमा आला, आणि ज्यांनी तो काढला त्यांचं त्यात नुकसान आहे. पण त्याच दारानं माझ्या आईची लिपी आली, जी पुढच्या दारानं यायला तयार नव्हती. दार बुजवताना कंपनीनं दोन्हींत फरक केला नाही, आणि मीही केला नाही. मग गाण्यांचं सांगितलं. गाणी फोनमधून गेली पण पट्ट्यावरच्या बायकांकडे राहिली, म्हणजे कंपनीचं नियंत्रण होतं ते पेटीवर. आत जे होतं ते आईनं म्हटलं त्याच दिवशी बाहेर पडलेलं होतं. एका मुलानं विचारलं, “म्हणजे शेवटी तू कुणाच्या बाजूनं?” मी म्हणाले, “मला नक्की माहीत नाही.” ट्यूटरबाईंनी लिहून दिलं की मांडणीला निष्कर्ष नाही, पण प्रश्न खरा आहे. मार्क मधलेच पडले. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढे कामाच्या निमित्तानं मी असे बरेच वाद ऐकले आणि माझा निष्कर्ष अजूनही फारसा पुढे गेलेला नाही. वॉचमनचं सगळंच खोटं नसतं. पण त्याची यादी ज्यांनी केली त्यांना घरातली सगळी माणसं माहीत नसतात.

शनिवारी हॉलमध्ये पाटावर खडूनं हत्ती काढला, त्याला झेंडूची फुलं वाहिली. हंसाबेनही आल्या होत्या, गरब्याची चनियाचोळी घालून, इथून पुढे तिकडे जायचं म्हणून. नीलाताईंनी आपल्या छापील कागदांबरोबर आईच्या अक्षरातले कागद वाटले. एक तरुण मुलगी, नुकतीच हॅरोहून लेस्टरला राहायला आलेली, तो कागद चेहऱ्याजवळ नेऊन म्हणाली, “हे कुणी लिहिलंय? माझी आजी असंच ‘ण’ काढायची.” आई माझ्या मागे सरकली. नीलाताईंनी तिचा हात धरून तिला पुढे, हत्तीजवळ उभं केलं.

बसचं गाणं झालं, डब्यांचं झालं. समोशाच्या गाण्याला फेर वेगात आला. ‘कांदा कुठला?’ असं आईनं विचारलं आणि अर्ध्या फेरानं कागदात बघून ‘माहेरचा गं’ म्हटलं, तर हंसाबेन आणि शोभामावशीनं त्यांच्याहून मोठ्यानं ‘लेस्टरचा गं’ म्हटलं. गोंधळ झाला, फेर थांबला, सगळ्या आईकडे बघायला लागल्या. आईनं तोंड उघडलं. मला वाटलं, ती आता दुरुस्त करणार. तिनं हंसाबेनकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, जिथे कौन्सिलचे दिवे लागले होते, आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागली. त्या ओळीला आली तेव्हा तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं, “लेस्टरचा गं.” पुढच्या फेरीला सगळ्यांनी तेच म्हटलं. कागदावर मात्र अजून ‘माहेरचा’च आहे.

शेवटी खिरापत. भोंडल्यात खिरापतीचा डबा बंद असतो. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, आणि झाकण काढायचा मान करून आणणारीचा. आई त्या बाबतीत फार कडक होती. लहानपणी मी एकदा घरीच झाकण वर करून बघितलं, तर मला त्या वर्षी फेरात घेतलं नव्हतं. बायकांनी डबा हलवला, वाजला नाही. गोड की तिखट? गोड. गाजर? नाही. दुधी? नाही. बीट, रताळं, भोपळा, सगळं झालं. आई मान हलवत राहिली, खूश होती. कुणाला सुचेना तेव्हा हंसाबेन म्हणाल्या, “पार्सनिप, व्हाइट गाजर. काल लॉकररूममध्ये माझ्याकडून मागून नेलेस ना, माझ्या अॅलॉटमेंटवरचे, भाजीच्या जमिनीतले.”

“तुम्ही ओळखलं नाही, तुम्हाला माहीत होतं,” आई म्हणाली.

“तो शुं, त्यात काय?” हंसाबेन म्हणाल्या.

आईनं डबा उचलला. झाकणावर हात ठेवला, जरा थांबली, आणि मग तो तसाच हंसाबेनच्या पुढे धरला.

“काढा तुम्हीच,” ती म्हणाली.